नेणता कोण, अडाणी कोण?

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरकडे जाणाऱ्या वाटेवर तळेघर हे गाव आहे. घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता वर चढू लागला की सह्याद्रीचे रूप पालटते. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे, बांधांवर हिरड्याची झाडे आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न उठणारे धुके. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. अशा गावातील एखाद्या कुटुंबाचा जुना सातबारा उतारा हाती घेऊन पाहावा. खातेदाराच्या नावापुढे पुष्कळदा तीन अक्षरे आढळतात : 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. बाप वारला, मुले लहान होती, म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव त्यांचा पालनकर्ता म्हणून लागले. येथे 'अज्ञान' म्हणजे मूर्ख नव्हे, अशिक्षितही नव्हे. केवळ वयाने लहान, स्वतःचा व्यवहार स्वतः पाहू न शकणारा.

पुढे ते मूल मोठे होते, त्याला नातवंडे होतात. परंतु 'सज्ञान झालो' असा अर्ज देऊन तो शेरा कमी करून घ्यावा हे कुणी सांगितलेले नसते, म्हणून कागदावर तो शेरा तसाच राहतो. केस पांढरे झालेला माणूस सरकारदप्तरी अजून 'अज्ञान'च असतो! असे कालबाह्य शेरे राज्यभर इतके साचले होते की २०२५ मध्ये महसूल खात्याला 'जिवंत सातबारा' मोहिमेत त्यांचीही झाडाझडती हाती घ्यावी लागली.

हे उदाहरण वरवर गमतीचे वाटेल. परंतु त्यात एक गंभीर प्रश्न दडला आहे. एखाद्याला 'अज्ञान' ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आणि ज्याने तो शेरा मारला त्याला स्वतःला काय ठाऊक होते? एका शब्दाचा माग काढत या प्रश्नाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दांचे कूळ

'ज्ञा' हा धातू फार जुना. संस्कृतातून तो मराठीत आला आणि 'जाणणे' झाला. ग्रीक आणि लॅटिन भाषांत त्याचीच भावंडे आहेत. इंग्रजीतील 'इग्नोरन्स' हा शब्द त्याच घराण्यातला. मराठीने 'न जाणणे' याचे 'नेणणे' केले आणि त्यातून 'नेणता', 'नेणीव', 'नेणतेपण' असे शब्द घडवले. महानुभावांच्या गद्यात, वारकरी संतांच्या अभंगांत हे शब्द जागोजाग भेटतात. 'नेणता' या शब्दाला तिरस्काराचा वास नाही. मांडीवरचे मूल नेणते असते. देवापुढे उभा असलेला भक्त स्वतःलाच नेणता म्हणवून घेतो. जाणत्या माणसाने नेणत्याला सांभाळून घ्यायचे, हा त्या शब्दजोडीतला अलिखित करार आहे.

'अजाण' हा त्याचा सख्खा भाऊ. 'अजाणता घडले' असे आपण म्हणतो तेव्हा कृती कबूल करतो, हेतू नाकारतो. 'नकळत' आणि 'अनवधानाने' हे शब्द त्याहून सौम्य; तेथे ज्ञान असते, केवळ त्या क्षणी लक्ष नसते. फारसी-अरबीच्या सहवासातून 'बेखबर' आणि 'गाफील' आले. गाफील राहणारा मनुष्य अडाणी नसतो. त्याच्यावर पहाऱ्याची जबाबदारी असते आणि तो झोपतो. 'बेसावध' या शब्दात तर फारसी 'बे' आणि संस्कृतातील 'सावध' यांचा मराठी भूमीवर संसार झाला आहे. 'बेभान' मनुष्याचे भान हरपलेले असते. ते रागाने हरपते, तसे भक्तीनेही हरपते.

मग उरतो 'अडाणी'. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशात जसा 'नेणता' आहे तसा 'अडाणी'ही आहे. पण दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक! 'नेणता' हे मनुष्य स्वतःविषयी म्हणू शकतो. 'अडाणी' हे बहुधा दुसऱ्याविषयीच म्हटले जाते. 'अडाणी' म्हणताना बोलणारा आपोआप एक पायरी वर चढतो. 'निरक्षर' हा शब्द केवळ अक्षरओळखीचा हिशोब सांगतो, 'अडाणी' मात्र माणसाच्या अकलेवर शिक्का मारतो. आणि आपण हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. याच रांगेत 'अंगठाबहाद्दर' हा कुत्सित शब्दही येऊन बसला आहे.

लेण्यांपासून ज्ञानेश्वरीपर्यंत

तळेघरच्या उत्तरेला जुन्नर आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशा डोंगरांत मिळून तेथे दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. नाणेघाटातून कोकणातील बंदरांचा माल वर येई, आणि घाटातील सातवाहनकालीन शिलालेख आजही त्या राजवटीची साक्ष देतो. या लेण्यांत राहणारे बौद्ध भिक्षू ज्या शिकवणुकीचे चिंतन करीत, तिच्यात दुःखाच्या कारणांची एक बारा कड्यांची साखळी सांगितली आहे. तिची पहिली कडी म्हणजे 'अविद्या'. येथे अविद्या म्हणजे पुस्तकी माहितीचा अभाव नव्हे. गोष्टी जशा आहेत तशा न पाहणे, नाशिवंताला शाश्वत समजून कवटाळणे, हे तिचे स्वरूप. म्हणजे राजा, व्यापारी, पंडित हे सारेच अविद्येत असू शकतात. आणि ज्याला एक अक्षरही वाचता येत नाही असा मनुष्य तिच्यातून सुटू शकतो.

सुमारे तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञान आणि अज्ञान यांच्या लक्षणांचा मोठा विस्तार आहे. मूळ गीतेत ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिला मान 'अमानित्वा'ला, म्हणजे स्वतःचा मोठेपणा न मिरवण्याला दिला आहे, दुसरा 'अदंभित्वा'ला. त्याच्या उलट जे जे काही, ते अज्ञान. ज्ञानेश्वरांनी हे उलट टोक रंगवताना लेखणी आखडती घेतली नाही. गर्विष्ठ, दांभिक, हिंसक, स्वतःच्या विद्येची दवंडी पिटणारा मनुष्य हा त्यांच्या लेखी अज्ञानाचा मूर्तिमंत नमुना आहे. ही मोजपट्टी लावली तर ज्ञानाच्या जोरावर दुसऱ्याला तुच्छ लेखणारा स्वतःच अज्ञानाच्या यादीत जाऊन बसतो.

आपल्या परंपरेतील विवेक

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आद्य मानबिंदू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आला आणि येथील भाषेत इतका मुरला की १६१६ मध्ये त्याचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापून निघाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परक्या देशात पाऊल ठेवणारा प्रत्येक मनुष्य तेथील भाषेपुरता 'नेणता' असतो. स्टीफन्स यांनी ते नेणतेपण पत्करले, विद्यार्थी होऊन ओवी शिकली, आणि मगच ते शिकवू लागले. कोकणी भाषेचे त्यांनी लिहिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. सगळेच धर्मप्रसारक या रीतीने वागले नाहीत, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. ज्यांच्यात राहिले त्यांना 'अज्ञानी लोक' म्हणून एका शब्दात उडवून लावणारेही पुष्कळ झाले.

आपल्या नीतिशास्त्राने मात्र अज्ञानाचा विचार बारकाईने केला आहे. जुन्या करारात लेवीय या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अजाणता घडलेल्या पापांसाठी अर्पणे सांगितली आहेत. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम अभिषिक्त याजकाची चूक, मग सबंध समाजाची, मग अधिपतीची आणि सर्वांत शेवटी साध्या माणसाची. याजकाला आणि समाजाला गोऱ्हा अर्पण करावा लागे, अधिपतीला बकरा, सामान्याला बकरी किंवा मेंढी. जितके स्थान उंच तितकी न कळत झालेल्या चुकीची किंमत मोठी. शास्त्राने अज्ञानाची सुरुवात खालून धरलेली नाही, वरून धरली आहे!

पुढे संत थॉमस अक्वायनस आणि त्यांच्यानंतरच्या नीतिशास्त्रज्ञांनी अज्ञानाचे दोन भाग स्पष्ट केले. प्रयत्न करूनही जे दूर होणे शक्य नव्हते ते 'अपरिहार्य' अज्ञान. त्यातून घडलेल्या कृतीचा दोष कर्त्याला लागत नाही. थोडी विचारपूस केली असती तर जे दूर झाले असते ते 'परिहार्य' अज्ञान. ते दोषातून सोडवत नाही. याखेरीज तिसरे एक आहे, मुद्दाम जपलेले अज्ञान. विचारले तर कळेल आणि कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून विचारायचेच नाही! १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात असे सोंगाचे अज्ञान पापाचे ओझे कमी करीत नाही, उलट वाढवते, असेच शिकवले आहे. १९६४ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ख्रिस्तसभेवरील संविधानाने तर ज्यांना स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने सदसद्विवेकाप्रमाणे जगतात, त्यांच्यासाठी तारणाचे दार खुले असल्याचे सांगितले.

मराठी भाषेला हे तिसरे अज्ञान चांगले ठाऊक आहे. 'कानाडोळा', 'डोळेझाक' हे शब्द त्याचेच. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपली म्हण सांगते. आणि 'वेड पांघरून पेडगावला जाणे' या वाक्प्रचारात तर श्रीगोंदे तालुक्यातील एका गावाचे नावच या सोंगाला कायमचे चिकटून बसले आहे.

१८७५ : एक वर्ष, दोन घटना

आता पुन्हा डोंगराकडे वळू. तळेघर-जांभोरीच्या या पट्ट्यातील महादेव कोळ्यांविषयी इंग्रज अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३० च्या दशकातच सविस्तर लिहून ठेवले होते. पेशवाई बुडाल्यानंतरच्या तीस वर्षांत या समाजाने अनेकदा बंडाचे निशाण उभारले. त्यांतील राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. या बंडांच्या मुळाशी असलेल्या कारणांत सावकाराची वही हे एक मोठे कारण होते.

१८७५ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. मार्च महिन्यात ब्रिटिश सरकारने सज्ञानतेचा कायदा केला आणि अठरा वर्षे ही सर्वसाधारण मर्यादा ठरवली. त्याखालील व्यक्ती 'अज्ञान'. १८७२ च्या कराराच्या कायद्याने करार करण्याची पात्रता सज्ञानालाच दिली होती. पुढे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच शून्यवत असल्याचा निर्वाळा दिला. दुसरी गोष्ट मे महिन्यात घडली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जखते, वह्या रस्त्यावर आणून जाळल्या. हा वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. याच सुमारास, १८७३ पासून, आंबेगावच्या डोंगरातील जांभोरीचे होन्या भागोजी केंगले यांनी सावकारांविरुद्ध शस्त्र उचलले होते. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले. १८७६ मध्ये ते पकडले गेले.

या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. सतरा वर्षांच्या मुलाने सही केली तर कायदा म्हणे, याला कळत नाही, सबब करार रद्द. चाळीस वर्षांच्या शेतकऱ्यासमोर सावकाराने कागद ठेवला, त्यात काय लिहिले ते त्याला वाचता येत नव्हते, खाली त्याने नांगराची निशाणी काढली, तर कायदा म्हणे, हा सज्ञान आहे, सबब करार पक्का. शंभर घेतले आणि कागदावर दोनशे लिहिले तरी निशाणी त्याचीच! वयाने येणारे अज्ञान कायद्याला दिसत होते, परिस्थितीने लादलेले अज्ञान दिसत नव्हते. सुपे येथे लोकांनी सावकाराची माणसे मारण्याऐवजी कागद जाळले, हे म्हणूनच अर्थपूर्ण आहे. ज्या गोष्टीपुढे आपण नेणते ठरतो ती गोष्ट नेमकी कोणती, हे त्या तथाकथित अडाण्यांनी अचूक ओळखले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर झाले पाहिजे असे ठरले. न्यायालयाला कागदामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे जाळलेल्या कागदांच्या राखेतून कायद्याला एवढे तरी उमगले की निशाणी म्हणजे संमती नव्हे.

याच काळात पुण्यात जोतीराव फुले लिहीत होते. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या या पुरुषाने १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला. त्यांनी 'अविद्या' हा तत्त्वज्ञानातला जुना शब्द उचलला आणि त्याला नवा अर्थ दिला. फुल्यांच्या लेखी अविद्या ही प्रारब्धाने आलेली नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या लादण्यात आली आहे. लेण्यांतील भिक्षूंनी आणि ज्ञानेश्वरांनी अज्ञान माणसाच्या अंतःकरणात शोधले. फुल्यांनी ते समाजाच्या रचनेत शोधले. दोन्ही शोध खरे आहेत, आणि एकाशिवाय दुसरा अपुरा आहे.

पाण्याखाली गेलेले गाव

स्वातंत्र्यानंतर कायद्याची भाषा बदलली. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परवानगीवाचून बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत अशी तरतूद महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत आली, आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा त्याच वर्षी झाला. त्याआधी, १९७२ मध्ये, आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले होते; हिरड्यासारखा वनोपज व्यापाऱ्याच्या तराजूतून सोडवणे हा त्याच्या कामाचा एक भाग होता. हेतू चांगला होता. परंतु सरकारी परिपत्रकांत, भाषणांत, वर्तमानपत्रांत या समाजाचे वर्णन करताना 'अज्ञानी, भोळे, अशिक्षित' ही विशेषणांची माळ काही सुटली नाही. 'भोळा' हा शब्द कानाला गोड लागतो. पण ज्याला आपण भोळा म्हणतो त्याला विचारावे असे आपल्याला वाटत नाही.

घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. त्याच्या पाण्यात अनेक गावांच्या जमिनी गेल्या, आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते मूळ आंबेगावही गेले. खाली पूर्वेकडच्या शेतांना पाणी मिळाले. वरच्या लोकांना आपली खाचरे सोडून उतारावर सरकावे लागले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेकरू वाचावा ही इच्छा योग्यच होती. परंतु ज्यांच्या जाण्यायेण्याने, लाकूडफाट्याने, देवरायांच्या धाकाने ते रान शतकानुशतके टिकले होते, त्यांनाच तेथे परके ठरवण्यात आले.

या देवरायांची गोष्ट बोलकी आहे. देवाच्या नावाने राखलेल्या रानातली काडीही घरी न्यायची नाही, हा नियम शहरी सुशिक्षिताला दीर्घकाळ 'अडाणी समजूत' वाटत आला. १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेर दुर्मीळ झालेल्या वनस्पती या रायांत टिकून असल्याचे त्यातून पुढे आले. झाड न तोडण्याचे कारण गावकरी देवाच्या भाषेत सांगत होते, अभ्यासक विज्ञानाच्या भाषेत सांगू लागले. झाड मात्र गावकऱ्यांनी राखले होते.

मंचरला काम सुरू केलेल्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने धरणग्रस्तांबरोबर राहून याच स्थानिक जाणतेपणाला हात दिला. उतारावर दगडी बांध घालून भातशेतीची सपाट खाचरे तयार करण्याची येथील जुनी पद्धत म्हणजे 'पडकई'. तिला रोजगार योजनेची जोड मिळावी म्हणून प्रयत्न झाले. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा हक्कही स्थानिकांनी मिळवला. २०१२ मध्ये या कार्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार लाभला. तत्पूर्वी २००६ मध्ये संसदेने वनहक्कांचा कायदा केला आणि वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या प्रास्ताविकातच दिली. ज्यांना 'जंगलाचे नियम न जाणणारे' म्हटले जात होते त्यांच्याबाबतीत नियम करणारेच काही जाणत नव्हते, असा त्या कबुलीचा सरळ अर्थ आहे.

माळीण

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. मुसळधार पाऊस होता. एसटीचा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला तेव्हा जेथे गाव असायला हवे तेथे त्याला चिखलाचा ढीग दिसला, आणि जगाला बातमी कळली. १५१ माणसे गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवण्यात आले. २०१७ मध्ये लोक तेथे राहायला गेले.

माती हलवण्याचे काम अजून चालू असतानाच कारणांची चर्चा सुरू झाली. अतिवृष्टी, तुटलेली झाडी, उताराचे सपाटीकरण, त्यासाठी वापरलेली अवजड यंत्रे, पाण्याच्या निचऱ्याच्या बुजलेल्या वाटा अशी कारणे पुढे आली. शहरातील बैठकीच्या खोल्यांत मात्र एक वाक्य सहज उच्चारले गेले : 'लोकांच्या अडाणीपणामुळे झाले.'

हे वाक्य तपासून पाहू. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल केंद्र सरकारला सादर केला. उतारांची, झाडीची, खोदकामाची चिंता त्यात होती, आणि निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावेत हा आग्रहही होता. हा अहवाल लगेच लोकांसमोर आला नाही. माहितीच्या अधिकाराखाली झगडा करावा लागला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१२ मध्ये तो खुला झाला. म्हणजे जाणणाऱ्यांनी लिहून ठेवले होते, आणि ज्यांच्या हाती ते पडले त्यांनी ते कपाटात ठेवले होते. डोंगराच्या पायथ्याशी झोपलेला मनुष्य नेणता होता असे क्षणभर धरून चालू. पण कपाटाला कुलूप लावणारा कोण होता? त्याला मराठीत नेणता म्हणत नाहीत, अडाणीही म्हणत नाहीत. त्याला फार तर गाफील म्हणता येईल. आणि नीतिशास्त्राच्या भाषेत त्याचे अज्ञान परिहार्य होते.

लोकांच्या हातून काहीच चुकत नाही, असे मला म्हणायचे नाही. जुनी पडकई माणसांच्या हातांनी, दगडावर दगड रचत, वर्षानुवर्षे होत असे. डोंगराला त्या गतीची सवय होती. यंत्र आले की एका उन्हाळ्यात डोंगराचा आकार बदलतो, आणि त्याचे परिणाम कोणते होतील याचा अनुभव गावातील कोणत्याही पिढीजवळ नसतो. अशा वेळी खेडुताचे जुने ज्ञान अपुरे पडते आणि तज्ज्ञाचे नवे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या दोहोंच्या मधल्या दरीत माणसे गाडली जातात. या दरीला 'अडाणीपणा' म्हणणे म्हणजे तिचा सगळा भार एकाच काठावर टाकणे होय.

शब्द जपून वापरावेत

हा सर्व इतिहास आपल्या घरापासून दूरचा नाही. वसईच्या वाडीतून काय किंवा पुण्याच्या सदनिकेतून काय, आपण घरकामाच्या बाईला, बांधकामावरच्या मजुराला, क्वचित आपल्या स्वतःच्या आजीलाही सहज 'अडाणी' म्हणून जातो. ज्या आजीने कधी पाटी हाती धरली नाही तिलाच रोझरीची सगळी रहस्ये, कोणत्या नक्षत्रात काय पेरावे आणि कोणत्या पाल्याने बाळाचे पोट थांबते, हे मुखोद्गत होते. तिच्या मागे ते ज्ञान आपण लिहून घेतले नाही. येथे अज्ञान कोणाच्या खात्यावर मांडायचे?

माझी सूचना साधी आहे. 'निरक्षर' म्हणायचे असेल तेथे 'निरक्षर'च म्हणावे. तो एका अभावाचा निर्देश आहे, आणि तो अभाव एका वर्षात भरून काढता येतो. ज्याला खरोखर ठाऊक नाही त्याला 'नेणता' म्हणावे, कारण त्या शब्दात सांभाळून घेण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. ज्याला ठाऊक असायला हवे होते आणि नव्हते त्याला 'गाफील' म्हणायला कचरू नये, मग तो कितीही मोठ्या खुर्चीवर बसलेला असो. ज्याने ठाऊक असून डोळे मिटले त्याच्यासाठी भाषेने 'डोळेझाक' हा शब्द राखून ठेवलाच आहे. आणि 'अडाणी' हा शब्द, तो ओठांवर आला की क्षणभर थांबून, प्रथम स्वतःला लावून पाहावा.

क्रुसावर खिळलेल्या प्रभूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागताना त्यांच्या न कळण्याचाच आधार घेतला. त्या जमावात रोमी शिपाई होते, तसे शास्त्र मुखोद्गत असलेले विद्वानही होते. त्याने दोघांत भेद केला नाही. पुढे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र यरुशलेमच्या लोकांना सांगतो की तुम्ही हे अज्ञानाने केले आणि तुमच्या अधिकाऱ्यांनीही. परंतु तेथेच न थांबता तो त्यांना मागे फिरण्यास सांगतो. क्षमा मिळाली म्हणून नेणतेपणात राहण्याचा परवाना मिळत नाही.

तळेघरच्या त्या सातबाऱ्यावरील तीन अक्षरे एखाद्या दिवशी ग्राम महसूल अधिकारी लेखणीच्या एका फटकाऱ्याने कमी करील. खातेदार सज्ञान झाला, अशी नोंद होईल. आपल्या खात्यावरचा शेरा मात्र आपल्यालाच अर्ज करून कमी करून घ्यावा लागणार आहे.